हिरवा पट्टा

अँतोफागास्ताहून पहाटे चारला निघायचं,
समुद्र पाठीला टाकून.
टँकरमध्ये सव्वीस टन आम्ल, खाणीतलं तांबं विरघळवायला,
आणि शेजारच्या सीटवर बाबा.
एरिबेर्तो तापिया, वय चौऱ्याहत्तर,
डावा कान पूर्ण गेलेला, उजवा उधारीवर.

कान खाल्ला तो त्यांच्या जुन्या इंजिनानं.
टू-स्ट्रोक. फेरे कमी झाले की मरायचं,
एकवीसशेवर किंचाळत ठेवलं तरच ओढायचं.
गाडीत चढण्याआधी, ते सांगत,
दारात स्वतःचं बोट चेंगरून घ्यावं,
म्हणजे दिवसभर चिडून चालवता येतं. त्याला तसंच लागायचं.
आणि डिझेल पाण्यासारखं जायचं
या वाळवंटात, जिथं पाणीसुद्धा
कधी पाण्यासारखं गेलं नाही.

माझा ट्रक बोलत नाही फारसा.
काटा आहे, काट्यामागे हिरवा पट्टा,
अकराशेपासून चौदाशेपर्यंत,
बोटाच्या पेराएवढा.
माझा बोनस त्या पेरात बसतो.
महिनाअखेरीला भिंतीवर कागद लागतो:
शंभर किलोमीटरला कोणी किती लिटर जाळलं.
माझ्या वर एकच नाव, फ्रोइलान चोके,
तीन दशांशानं.
ते तीन दशांश मला झोपू देत नव्हते.

म्हणून त्या पहाटे, सिएर्रा गोर्दाच्या चढाला,
मी गिअर उतरवलाच नाही.
काटा येऊ दिला खाली. हजार. नऊशे साठ.
जिथं पट्ट्याचा रंग संपतो त्याच्याही अलीकडे.
कमी फेरे, कमी थेंब, गणित एवढंच.
स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर आली,
मी तिचा आळ रस्त्यावर घातला.

बाबा झोपलेत असं मी धरून चालले होते.
त्यांनी डोळे न उघडता पंजा डॅशबोर्डवर टेकला,
तापल्या पोराच्या कपाळावर टेकावा तसा.
"कण्हतंय."
"आवाज तर काहीच—"
"आवाजाचं मला काय विचारतेस?
ओझं डोक्यावर देऊन माणसाला
अर्ध्या पोटी चढ चढायला लावलं
तर वाचतं काय? भाकरी वाचते.
गुडघे जातात."

एक गिअर उतरवला.
काटा उसळून तेराशेवर गेला.
पडद्यावरचा खर्चाचा आकडा चढला, घुटमळला,
मग हळूहळू मघापेक्षा खाली उतरला.
थोडासाच.
मी तो पाहिल्याचं त्यांना सांगितलं नाही.

परतीच्या उतारावर मात्र माझी पाळी.
टँकर रिकामा, त्यांची खोड जुनी:
न्यूट्रल कर, सोड, फुकटात जाऊ दे.
हात गिअरकडे आलाच. मी मनगट धरलं.
"बाबा, पडदा बघा."
गिअर लागलेला, पाय उचललेला,
ट्रकचं वजनच इंजिनाला फिरवत होतं,
आणि डिझेलच्या जागी शून्य.
"न्यूट्रल केलं की पितं. तासाला दोन-तीन लिटर,
नुसतं जिवंत राहायला."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
शून्य नीट वाचलं, दोनदा.
चाळीस वर्षं ते हा उतार सोडून देत आले होते.

"म्हणजे धरून ठेवलं तर काही लागत नाही," म्हणाले,
"सोडलं की लागतं."
मी हो म्हटलं.
मग बराच वेळ आम्ही दोघंही
इकिकेला राहायला गेलेल्या आईबद्दल
बोललो नाही.

ला नेग्राजवळ समुद्राचं धुकं आडवं आलं.
दिवे पिवळट झाले, रस्ता दहा हातांचा उरला.
यार्डात गाडी लावून मी चावी फिरवली.
त्यांचा पंजा डॅशबोर्डवरच.
"बंद केलंस?"
"कधीचंच."
"हं," म्हणाले, "अजून येतंय,"
आणि हात तसाच ठेवला.